माडाच्या खोडाला जखम झाली, आता काय?

'खोडाला भोक पडलंय, सिमेंट भरू का?' 'बुंध्याजवळून तांबडं पाणी गळतं, झाड मरणार का?' 'सोसायटीतला माड खालून पोकळ वाटतो, तोडायला परवानगी कुणाची?' पावसाळ्याच्या तोंडावर आणि वादळवाऱ्यानंतर वाचक जे प्रश्न विचारतात, त्यांत हे तीन ठरलेले. विचारणाऱ्या बहुतेकांनी तोवर काहीतरी करूनही टाकलेले असते. कुणी सिमेंट लिंपलेले असते, कुणी डांबर फासलेले असते, कुणी कोयत्याने जखम 'साफ' करता करता दुप्पट मोठी केलेली असते. म्हणून पहिली विनंती एवढीच की, हातातले हत्यार खाली ठेवा. शेंडा हिरवा आणि ताठ असेल तर तुमच्या हाती पुरेसा वेळ आहे.

हा लेख मुख्यतः घराशेजारच्या नारळासाठी आहे. पोफळ, शिंदी, खजूर आणि शहरात 'बॉटल पाम' म्हणून विकले जाणारे रॉयल पाम यांनाही यातले बरेचसे लागू पडते. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

ही जखम भरून येत नाही

आंब्याची फांदी छाटली की काही वर्षांत सालीची गोल कड चहूबाजूंनी पुढे सरकते आणि जखम झाकून टाकते. सालीखालचा एक पातळ, सतत वाढणारा थर हे काम करतो. माडाच्या कुळात हा थरच नसतो. त्यामुळे खोडावर आज पडलेली खाच झाड जगेल तोवर तशीच राहते. कोणतेही मलम, लेप किंवा खत ती भरून काढणार नाही. तसा दावा करून कुणी काही विकत असेल तर घेऊ नका.

पण याची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. आंब्याच्या खोडाभोवती साल गोलाकार सोलली तर झाड वाळते, कारण त्याची अन्न वाहणारी व्यवस्था सालीलगत असते. माडाच्या अन्नपाण्याच्या नळ्या खोडभर विखुरलेल्या असतात. एका बाजूच्या तुटल्या तरी बाकीच्या काम करत राहतात. नीरेसाठी शिंदीचे खोड शेंड्याजवळ तासतात. एका हंगामात एक बाजू, पुढच्या हंगामात दुसरी. त्यामुळे खोड नागमोडी दिसू लागते, तरी ते झाड वर्षानुवर्षे उभे असते आणि रसही देते.

निर्णय घेताना आणखी दोन गोष्टी लागतील. पहिली, नारळाच्या खोडाची ताकद बाहेरच्या कठीण भागात असते आणि गाभा तुलनेने मऊ असतो. म्हणून बाहेरून खोल गेलेला घाव झाड उभे राहण्याच्या दृष्टीने जास्त गंभीर. दुसरी, नारळाला वाढीचा एकच कोंब असतो. तो मेला की झाड संपले, खालून फुटवा येत नाही. शोभेचे अरेका पाम झुडपासारखे अनेक खोडांचे असते. त्यातले एखादे खोड मोडले तर जमिनीलगत कापून टाका, बाकीची वाढतात.

तेव्हा 'जखम कशी भरू' हा प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा: जखमेत पाणी साचते का? भुंगा शिरला आहे का? झाड उभे राहील का?

ज्या जखमाच नाहीत

पुष्कळ वाचक घाबरून ज्याबद्दल विचारतात, त्याला उपचारच लागत नाही.

- बुंध्याशी साल फाटून बोटाएवढ्या तांबूस मुळ्यांचा गुंता बाहेर येणे. माड आयुष्यभर बुंध्यातून नवी मुळे सोडतो. खरवडू नका, कापू नका.
- खोडावरची वलये. गळालेल्या झावळ्यांच्या त्या खुणा आहेत.
- उभ्या, अरुंद, कोरड्या भेगा. पाण्याचा ताण पडून मग भरपूर पाणी मिळाले की अशा भेगा पडतात. त्यातून काही गळत नसेल तर तिकडे दुर्लक्ष करा.
- खोड मध्येच बारीक होऊन पुन्हा जाड होणे. त्या काळात झाडाची उपासमार झाली होती, एवढाच त्याचा अर्थ. बारीक झालेला भाग नंतर जाड होत नाही.
- रॉयल पामच्या खोडाचा फुगीरपणा. तो त्या जातीचा गुण आहे.

भेरली माडाचे प्रकरण निराळे. त्याला फुलोरा शेंड्याकडून सुरू होऊन खाली खाली येत जातो आणि शेवटचा फुलोरा पिकला की ते झाड मरते. मालक मात्र खोडावरची एखादी जुनी खाच शोधून तिला दोष देतो. तिथे औषधावर खर्च करू नका.

तपासणी वरून सुरू करा

सगळे जण जखम बघतात. मी आधी शेंडा बघायला सांगतो. मधली न उघडलेली उभी झावळी, म्हणजे सुरळी, ही झाडाची नाडी आहे. निरोगी मोठा माड वर्षाला साधारण १२ ते १४ झावळ्या काढतो, म्हणजे महिन्याला एक. गच्चीवरून किंवा मोबाइलचा कॅमेरा मोठा करून सुरळीचा फोटो काढा, तारीख लिहून ठेवा आणि महिन्याने पुन्हा काढा. सुरळी उघडून तिच्या जागी नवी आली असेल तर झाड आपला संसार चालवते आहे. उन्हाळ्याच्या ताणात हा वेग मंदावतो. पण दोन महिने सुरळी हललीच नाही, किंवा ती कलून, पिवळी पडून ओढताच हातात आली, तर खोडाची जखम हा दुय्यम प्रश्न झाला.

बाहेरच्या एक-दोन जुन्या झावळ्या वाळणे स्वाभाविक आहे. आतल्या कोवळ्या झावळ्या आधी मलूल होत असतील तर ती धोक्याची खूण समजा.

मग खोडाकडे या.

१. लाकडी दांड्याने किंवा हातोडीच्या मुठीने खोडावर खालपासून हात पोचेल तिथपर्यंत सगळ्या बाजूंनी ठोका. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कानाला लगेच कळतो. पोकळ वाटेल तिथे खडूने खूण करा. खुणा जोडल्या की पोकळी किती पसरली आहे याचा अंदाज येतो.

२. जखमेच्या कडेला जुना स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. कडक लागला तर ठीक. लोण्यात सुरी जावी तसा आत गेला तर तो भाग कुजला आहे.

३. स्राव आहे का? रंग कोणता, वास कसा, तो वरून ओघळला आहे की तिथूनच निघतो आहे?

४. छिद्रे, भुसा, चावलेल्या तंतूंचा चोथा दिसतो का?

५. बुंध्याभोवतीची माती पाहा. एका बाजूला नवी भेग आणि दुसऱ्या बाजूला उचललेली माती दिसली तर मुळे सुटली आहेत. माड जन्मभर वाकडा असणे वेगळे आणि गेल्या महिन्यात वाकणे वेगळे. जुना फोटो शोधा, तुलना करा.

गेरू-चुन्याचा पट्टा असलेल्या झाडांवर ही तपासणी करताना तो पट्टा आधी घासून काढा. रंग झाडाला अपाय करत नाही, पण त्याखाली स्राव आणि छिद्रे बेमालूम लपतात.

ताजी जखम: गाडी, यंत्र, कोयता, तार

गाडी मागे घेताना बसलेला धक्का, गवत कापायच्या यंत्राच्या दोरीने सोललेला बुंधा, कपडे वाळत घालायला बांधलेली आणि खोडात रुतलेली तार, दिव्यांच्या माळांचे खिळे. शहरातल्या पामांचे हे नेहमीचे घाव. यांवरचा उपचार साधा आहे.

लोंबणारे, सुटलेले तंतू धारदार सुरीने कापा. निरोगी भाग मुळीच कोरू नका. घावाच्या तळाशी वाटीसारखा खळगा असेल तर खालची कड तिरकी तासून पाणी वाहून जाईल असे करा. सुरी आधी आणि नंतर स्पिरिटने पुसा. तार सैल असेल तर काढा. खोलवर रुतली असेल तर ओढाताण न करता दोन्ही बाजूंनी कापा आणि रुतलेला तुकडा राहू द्या.

त्यानंतर बोर्डो मलम लावा. घरी करायचे तर १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवा. चुना विरताना तापतो, म्हणून त्याचे भांडे जाड घ्या आणि डोळे जपा. दोन्ही गार झाल्यावर एकत्र ओता. लोखंडी सुरीचे पाते त्यात क्षणभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडा वाढवा. हे मलम त्याच दिवशी वापरायचे असते, उरलेले ठेवून उपयोग नाही. जखम कोरडी असताना ब्रशने लावा.

डांबर लावावे का? याबद्दल दोन मते आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. लेपाने जखम भरत नाही, उलट ओल आत कोंडते, असे बागतज्ज्ञ सांगतात. नारळाच्या शिफारशींत मात्र साफ केलेल्या जखमेवर बुरशीनाशक वाळल्यानंतर डांबराचा हात द्यायला सांगतात, कारण उघड्या, ओल्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो आणि अंडी घालतो. माझा निवाडा असा: कोकण, गोवा, वसई, मुंबई अशा जिथे आसपास माडच माड आहेत तिथे साफ केलेल्या, वाळलेल्या जखमेपुरते डांबर लावा. पुणे-नाशिककडच्या बंगल्यात एकटे शोभेचे पाम असेल आणि घाव कोरडा असेल तर मलमावर थांबा. ओल्या, कुजणाऱ्या जखमेवर डांबर कुठेही, कधीही नको.

सिमेंट नकोच. वाऱ्यात माड डोलतो, सिमेंटचा गोळा डोलत नाही. दोहोंमध्ये फट पडते, फटीतून पाणी उतरते आणि आतली कुज वर्षानुवर्षे कुणाला दिसत नाही. सिमेंटने झाडाला बळ मिळते ही समजूत अनेक सोसायट्यांत पक्की बसली आहे. पूर्वी भरलेले सिमेंट सैल झाले असेल तर ते काढून आत काय आहे ते बघा.

खोडातून तांबडे-तपकिरी पाणी गळते

बहुतेक वेळा बुंध्याकडच्या भागात, बारीक भेगांतून तांबूस तपकिरी द्रव ओघळतो आणि वाळून काळा पडतो. दुर्लक्ष केले की डाग वरवर सरकतात. हा बुरशीचा रोग आहे. ती बुरशी भेगांतून आणि जखमांतून आत जाते. पाणी साचणारी जमीन आणि पाण्याचा ताण हे दोन्ही तिला सोयीचे पडतात.

शक्यतो कोरड्या दिवसांत पटाशीने डागाखालचा रंग बदललेला भाग काढा. निरोगी, फिकट रंगाचा भाग दिसला की थांबा. काढलेले तुकडे गोळा करून जाळा, आळ्यात पडू देऊ नका. मग बोर्डो मलम आणि दोन दिवसांनी डांबर. ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची भुकटी पाण्यात कालवून तिचा लेप देणे हाही शिफारशीतला पर्याय आहे. पण एका जागी दोन्ही लावू नका, मोरचूद ट्रायकोडर्मालाही मारते. माडाला वर्षातून एकदा पाच किलो निंबोळी पेंड द्या. उन्हाळ्यात नियमित पाणी, पावसाळ्यात निचऱ्याचा चर आणि वर्षाला निदान पन्नास किलो कुजलेले शेणखत. मोठ्या माडाला पालाश भरपूर लागते. परसातल्या झाडांना ते क्वचितच कुणी देते.

मुळावाटे बुरशीनाशक देण्याची पद्धतही आहे. ते स्वतः करून बघण्यापेक्षा कृषी सहायकाकडून एकदा करवून घ्या.

सोंड्या भुंगा

खोडाच्या जखमेतून माड मरतो तो बहुधा याच्यामुळे. तांबूस तपकिरी, लांब सोंडेचा हा भुंगा खोडावरच्या किंवा झावळीच्या देठाच्या ताज्या जखमेत अंडी घालतो. पाय नसलेल्या पांढुरक्या अळ्या आतला मऊ भाग खात जातात. बाहेरून झाड ठीक दिसत राहते. आतल्या झावळ्या मलूल होईपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो. पाच ते वीस वर्षांचे माड याला जास्त बळी पडतात.

लवकर ओळखायचे तर या खुणा शोधा: खोडावर छिद्रे, त्यांतून बाहेर आलेला चोथा, तांबूस चिकट स्राव, आंबूस वास, बुंध्याशी पडलेले तंतूंचे कोष. शांत वेळी खोडाला कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज कधी कधी स्पष्ट ऐकू येतो.

उपचाराची रीत अशी: सगळी छिद्रे शोधायची, सर्वांत वरचे सोडून बाकीची चिखलाने किंवा मेणाने बंद करायची, वरच्या छिद्रातून नरसाळ्याने औषधाचे पाणी ओतायचे आणि तेही बंद करायचे. आठवड्याने ताजा चोथा दिसला तर पुन्हा. शिफारशीत इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के, एक लिटर पाण्यात एक मिलि, असे प्रमाण आढळते. पण खरेदीपूर्वी तालुका कृषी कार्यालयात विचारा, कारण शिफारशी बदलतात. औषध देण्याआधी तयार नारळ-शहाळी उतरवून घ्या आणि पुढची किती दिवसांनी उतरवायची हे विचारून लिहून ठेवा. शेजारच्यांना सांगा, नाहीतर शहाळे काढणारा येईल आणि तुम्ही घरी नसाल. जुन्या पत्रकांत मोनोक्रोटोफॉसचा उल्लेख सापडेल. असली जहाल औषधे घराच्या परसात आणू नका.

दुकानदार गंधसापळा सुचवेल. वाडीत, शेजाऱ्यांनी मिळून, ठरावीक अंतरावर लावला तर तो उपयोगी आहे. दोन माडांच्या अंगणात एकट्याने लावला तर गावचे भुंगे तुम्ही स्वतःकडे बोलावून घ्याल.

याचा जोडीदार गेंड्या भुंगा. तो सुरळीत शिरतो आणि झावळी उघडली की पंख्यासारखी कातरलेली दिसते. त्याच्या जखमांवर मग सोंड्या येतो. गेंड्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतो, म्हणून खड्डा माडापासून दूर ठेवा आणि उकरून अळ्या काढा. लहान माडांच्या वरच्या झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समप्रमाणात भरा.

चढणाऱ्याशी आधी बोला

खोडाच्या निम्म्या जखमा आपण पैसे देऊन करून घेतो. नारळ काढणाऱ्याने पाय ठेवायला पाडलेल्या खाचांत पाणी साचते आणि भुंग्याला अंडी घालायला जागा मिळते. खाचा पाडू नका असे काम ठरवतानाच सांगा. पायात दोरी अडकवून किंवा शिडीने चढता येते. चढायची यंत्रेही मिळतात. नारळ विकास मंडळ यंत्राने माडावर चढण्याचे प्रशिक्षण देते आणि चढणाऱ्यांसाठी अपघात विमा योजनाही आहे. तुमच्याकडे येणाऱ्याने तो घेतला आहे का, हे विचारा. गोव्यातले पाडेली काय किंवा कोकणातले काढपी काय, जीव धोक्यात घालून काम करतात. पोकळ वाटणाऱ्या माडावर कुणालाही चढवू नका, दुप्पट पैसे देऊनही नाही.

हिरव्या झावळ्या 'स्वच्छतेसाठी' कापून घेऊ नका. कापावीच लागली तर देठाचा सुमारे चार फूट भाग ठेवून कापा, म्हणजे भुंगा त्या जखमेतून खोडापर्यंत पोचत नाही. रॉयल पामच्या शेंड्याखालची हिरवी गुळगुळीत नळी म्हणजे झावळ्यांची आवरणे. ती वाळून आपोआप गळतात. हिरवी असताना ओढून काढली तर आतले कोवळे खोड उघडे पडते.

काढायचे की ठेवायचे?

नुसत्या जखमेवरून हे ठरत नाही. झाड पडले तर कशावर पडेल, यावरून ठरते. वाडीच्या कोपऱ्यातला पोकळ माड फळे देतोय तोवर ठेवायला हरकत नाही. तोच माड शाळेच्या फाटकावर असेल तर माझे उत्तर बदलेल.

पुढीलपैकी काहीही आढळले तर उशीर करू नका:

- बुंध्याशी फळीसारखी कडक अळंबी उगवली आहे. मुळे आणि बुंधा आतून कुजल्याची ती खूण. या रोगावर खात्रीचा इलाज नाही. अळंबी तोडून टाकल्याने काहीच होत नाही, फक्त पुरावा जातो. झाड काढल्यावर बुंधाही खणून काढा आणि त्याच खड्ड्यात पुन्हा माड लावू नका.
- झाड अलीकडेच कलले आहे आणि माती फाटली आहे.
- बाहेरचा कठीण भाग मोठ्या घेरात कुजला आहे. घेराच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असेल आणि खाली माणसांची ये-जा असेल, तर मी झाड ठेवण्याचा सल्ला देणार नाही.
- शेंडा मोडला आहे किंवा कोंब कुजून गळाला आहे.

वीज पडलेल्या माडाबाबत थोडे थांबा. खोडावर उभे ओरखडे आणि जागोजाग स्राव दिसतो. काही आठवड्यांत सुरळीच निकाल सांगते. वादळात आडवे झालेले लहान माड, मुळांचा गोळा शाबूत असेल तर, उभे करता येतात. खोडाला गोणपाट गुंडाळून त्यावरून पट्ट्याने टेकू बांधा, खोडात खिळा ठोकू नका. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने आणि मे २०२१च्या तौक्तेने किनारपट्टीवरच्या वाड्यांचे अतोनात नुकसान केले. अशा वेळी सरसकट तोडणीच्या घाईत वाचण्याजोगी झाडेही जातात. शेंडा शाबूत असेल तर एक महिना द्या.

परवानगी, जबाबदारी, हक्क

शहरात. महापालिका आणि नगरपरिषदांच्या हद्दीत १९७५चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. झाड तुमच्या जागेत, तुम्ही लावलेले असले तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. या कायद्यात 'तोडणे' याचा अर्थ केवळ कापणे नव्हे, जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणेही त्यात येते. बुंध्यात ॲसिड ओतून झाड 'आपोआप' वाळवण्याचा सल्ला देणाऱ्यांना हे सांगा. झाड मृत, रोगट किंवा जीविताला वा मालमत्तेला धोकादायक असेल तर प्राधिकरणाने परवानगी नाकारू नये, अशी तरतूद आहे. अर्जावर निर्णयाची मुदत ६० दिवसांची आहे.

अर्ज उद्यान विभागात द्या. सोबत हे जोडा:

- तारखेसह फोटो: संपूर्ण झाड, जखम जवळून, शेंडा आणि झाड पडले तर ज्यावर पडेल ती जागा
- ठोकून पाहिल्याचे, कुजल्याचे साध्या शब्दांतले वर्णन
- सोसायटी असेल तर कमिटीचा ठराव

पोच घेतल्याशिवाय परतू नका. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूरला रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळून तिचा मृत्यू झाला. त्यानंतर या झाडाबद्दल आधी कुणी काय कळवले होते, याचीच चर्चा झाली. अर्ज फेटाळला गेला तर कारण लेखी मागा आणि नव्या फोटोंसह पुन्हा अर्ज करा. झाड आत्ताच पडेल असे वाटले तर कागदपत्रांत वेळ घालवू नका. त्याखालची ये-जा थांबवा आणि अग्निशमन दलाला कळवा. मुंबईत महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६ आहे. विजेच्या तारांलगतचे झाड असेल तर आधी वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घ्या.

गावात. ग्रामीण भागासाठी वृक्षतोडीचा १९६४चा कायदा आहे. तो अनुसूचीतल्या जातींना लागू होतो आणि नारळ त्या यादीत नाही. तरी तोडण्याआधी ग्रामपंचायतीत विचारा. सातबाऱ्यावर सामाईक मालकी असेल तर भाऊबंदांची लेखी संमती घ्या. माडावरून सुरू झालेले दावे माडापेक्षा जास्त जगतात.

गोव्यात. २०१६ मध्ये कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून माड वगळला गेला होता. मोठा वाद झाला आणि २०१७ मध्ये त्याला राज्यवृक्षाचा मान देऊन पुन्हा संरक्षणाखाली आणण्याचा निर्णय झाला. जुन्या बातमीवर विसंबून माड तोडू नका, वनखात्याची परवानगी घ्या.

शेजाऱ्याचा माड तुमच्या छपरावर कललेला असेल तर आधी बोला, मग लेखी कळवा आणि पत्राची प्रत ठेवा. तरीही हालचाल नसेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे व्यवहारात तहसील किंवा प्रांत कार्यालयात, अर्ज करता येतो. पडून इजा होईल अशा स्थितीतले झाड काढण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा आदेश ते देऊ शकतात. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होती. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. स्वतः रात्री जाऊन बुंधा कापणे हा मार्ग नव्हे.

विमा. नारळ विकास मंडळाची माडांसाठी विमा योजना आहे. त्यासाठी सलग जागेत किमान पाच निरोगी, फळते माड लागतात. भरपाई झाड मेल्यावर किंवा निकामी झाल्यावरच मिळते, नुसत्या जखमेसाठी नाही. आधीच रोग लागलेले झाड त्यात घेत नाहीत, म्हणून विमा जखम व्हायच्या आधी काढायचा असतो.

सल्ल्यासाठी कोकणातल्या वाचकांना रत्नागिरीजवळचे भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र सर्वांत जवळचे. ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे आहे. इतरांनी जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जावे. जाताना कुजलेला तुकडा आणि सापडलेला कोष किंवा अळी बंद डबीत घालून न्या. नुसत्या वर्णनावरून कुणी खात्रीने सांगू शकणार नाही.

शेवटी एक हिशेब. परवानगीला ६० दिवस लागू शकतात आणि पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. धोकादायक माडाचा अर्ज मे महिन्यात केला तर निर्णय जुलैत येईल, तोवर पहिली वादळे होऊन गेलेली असतील. तपासणी फेब्रुवारीत करा आणि अर्ज मार्च संपायच्या आत द्या.